शेवंती अजून का फुलली नाही? उशिरा फुलणाऱ्या फुलांबद्दल बोलूया

मालवाकन्या | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

काल चंपाषष्ठी झाली, मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही झाला, आणि आमच्या पुढच्या अंगणातल्या शेवंतीला अजून कळीसुद्धा नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होतंय, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. फाटकापासून ओट्यापर्यंत, कंपाउंडच्या भिंतीला लागून १५ फुटांचा वाफा आहे, त्यात फक्त शेवंती. लहान फुलांची, पिवळी, जुनी जात. नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंनी ३५ वर्षांपूर्वी देवासहून, माहेरच्या अंगणातून चार काश्या (बुडातून फुटलेली, मुळं सुटलेली रोपं) ओल्या फडक्यात बांधून आणल्या होत्या, त्यांचाच हा सगळा विस्तार. बाजारातली शेवंती दिसायला टपोरी असते, पण हिचा वास तिला नाही. हिचं पान चुरडलं तरी बोटांना दुपारपर्यंत वास राहतो.

दरवर्षीचा क्रम ठरलेला आहे. जूनमध्ये काश्या लावायच्या, जुलैत एकदा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदा शेंडे खुडायचे. दिवाळीच्या सुमारास कळ्या दिसतात, नोव्हेंबरअखेर फुलं सुरू होतात ती संक्रांतीपर्यंत. सासूबाई आता ८२ वर्षांच्या आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीला घरच्या शेवंतीची वेणी त्या स्वतः करतात, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात. गेल्या गुरुवारी फुलं राजवाड्याजवळून विकत आणावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत, पण वेणी करताना एकेक फूल नाकाशी नेऊन बघत होत्या.

रोपं आजारी नाहीत. उलट कधी नव्हे इतकी, कमरेपर्यंत वाढली आहेत, पानं गर्द हिरवी. मावा नाही, ठिपके नाहीत. आणि नवल म्हणजे फाटकाजवळचे तीन ठोंब मात्र फुलांनी भरलेत! माती तीच, पाणी तेच, लावणारे हातही तेच.

कुणाला काही सुचतंय का? शिवाय तुमच्याकडे दिवाळीनंतर काय काय फुलतं तेही लिहा. पावसाळा सरला की बाग संपली असं बरेच जण म्हणतात, मला ते कधीच पटलं नाही.

---

लष्करकर | ८ डिसेंबर, सकाळी ११:०२

ताई, मी ग्वाल्हेरहून. आमच्याकडे लष्कर भागात शेवंती (इथे सगळे गुलदावदीच म्हणतात) नोव्हेंबरच्या मध्यावर फुलली, आता ऐन भरात आहे. मला वाटतं थंडीचा प्रश्न असावा. आमच्याकडे रात्री चांगल्याच गार पडतात, तुमच्या माळव्यात यंदा थंडी उशिरा आली का?

बाकी आमच्याकडे उशिराचं म्हणाल तर डेलिया. कंद ऑक्टोबरात लावतो, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत. ऑक्टोबरातच पेरलेली होलीहॉक तर होळीपर्यंत उभी असते.

---

सुदामानगरी | ८ डिसेंबर, दुपारी १:३०

कमरेपर्यंत वाढ आणि गर्द हिरवी पानं म्हणजे खत जास्त झालंय, दुसरं काही नाही. शेणखताबरोबर युरिया वगैरे घातला होता का? नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. आठ दिवस पाणी तोडा, चांगला ताण द्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे ताण बसायला वेळ लागेल, पण कळी येईल.

---

विश्वामित्रीकाठ | ८ डिसेंबर, दुपारी ३:४५

मी बडोद्याहून लिहितेय. आमच्याकडे ऑक्टोबर इतका तापतो की कळी धरायलाच उशीर होतो. रात्रीही उकडत असेल तर शेवंती कळी पुढे ढकलते, हा माझा दरवर्षीचा अनुभव. पण अशा वेळी सगळा वाफाच मागे पडतो, तीन ठोंब फुललेत आणि बाकीचे नाहीत असं होत नाही. म्हणून तुमचं कोडं वेगळं वाटतंय.

दिवाळीनंतरचं माझं आवडतं फूल म्हणजे कोरांटी. पिवळीला काटे असतात, जांभळीला नाहीत. दोन्ही पावसाळा संपता संपता सुरू होतात आणि थंडीभर फुलतात. ना खत मागतात, ना लाड. माझी आजी कोरांटी आणि अबोलीचा मिळून गजरा करायची. गलगोटा (तुमचा झेंडू) मी मुद्दाम दोनदा लावते, एकदा जूनमध्ये दसऱ्यासाठी, एकदा सप्टेंबरात संक्रांतीसाठी.

---

मालवाकन्या | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

सगळ्यांना धन्यवाद.

@सुदामानगरी, दादा, युरिया कधीच घालत नाही. कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड, तेही सगळ्या वाफ्याला सारखंच. पाण्याचा ताण देऊन बघते, पण विश्वामित्रीकाठ ताई म्हणतात तेच माझ्याही मनात येतं. थंडी असो, खत असो, ते तीन ठोंबांनाच कसं चुकलं?

@लष्करकर, थंडी यंदा वेळेवर आहे. सकाळी ओट्यावर शाल घेतल्याशिवाय बसवत नाही.

---

हरितपर्ण | ८ डिसेंबर, रात्री ८:१५

नमस्कार. मी अनेक वर्षं कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवली, आता निवृत्त आहे.

मालवाकन्या ताई, पाणी तोडू नका, ताणाने रोपं उगाच दमतील. एकच विनंती आहे. आज रात्री दहाच्या सुमारास घरातले आणि ओट्यावरचे दिवे बंद करून वाफ्याजवळ जा. उजेड कुठून येतो आणि त्या तीन ठोंबांवर काय पडतं, ते बघून लिहा.

---

मालवाकन्या | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

काका, मी आत्ता बाहेरून आले आणि तशीच लिहायला बसले.

आमच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे जूनअखेरीस नवा एलईडीचा दिवा लागलाय. आधी तिथे पिवळा, मिणमिणता होता, तोही निम्मा वेळ बंद. नव्याचा पांढरा झोत थेट आमच्या अंगणात येतो. अंगणाला उजेड झाला म्हणून आम्हाला बरंच वाटलं होतं.

फाटकाचा विटांचा खांब चांगला दोन फूट रुंद आहे. त्याची सावली तिरकी, वाफ्यावर आडवी पडते. आणि फुललेले तीनही ठोंब बरोब्बर त्या सावलीत आहेत! इकडे तिकडे नाही, अगदी आखून दिल्यासारखे. कडेच्या ठोंबाच्या ज्या फांद्या सावलीत त्यांना फुलं, आणि वीतभर पलीकडे उजेडात गेलेल्या त्याच ठोंबाच्या दोन फांद्या कोऱ्या. मी खाली बसून हात लावून बघितलं. एका बाजूला गार गार पाकळ्या, दुसऱ्या बाजूला नुसती पानं.

सासूबाईंना उठवून दाखवलं. त्या बराच वेळ खांबाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हिला झोपच मिळाली नाही गं."

---

हरितपर्ण | ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

तुमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं ते मी जरा लांबण लावून सांगतो, कारण हे अनेकांच्या बागेत घडतंय आणि दोष खताला, मातीला, स्वतःच्या हाताला दिला जातोय.

शेवंती ही रात्र मोजणारी वनस्पती आहे. जातीजातीत फरक असतो, पण ढोबळमानाने रात्र सलग साडेदहा-अकरा तासांहून मोठी झाली की ती कळी धरते. इंदुरात जूनमधला दिवस साधारण साडेतेरा तासांचा, डिसेंबरात तो पावणेअकरा तासांवर येतो. ऑगस्टनंतर रात्र वाढत जाते, तसं रोप पानांची वाढ आवरतं घेऊन फुलांकडे वळतं. म्हणून ऑगस्टच्या मध्यानंतर शेंडा खुडायचा नाही, असं आपल्याकडे जुने माळीसुद्धा सांगतात.

हे शास्त्रात पक्कं झालं ते १९२० साली. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड यांच्यापुढे तंबाखूची एक जात होती, मेरिलँड मॅमथ. उन्हाळ्यात शेतात ती माणसाहून उंच वाढायची पण फुलायचीच नाही, आणि हिवाळ्यात काचघरात आणली की फुलायची. त्यांनी थंडी, खत, पाणी सगळं तपासलं आणि शेवटी भर उन्हाळ्यात दुपारनंतर झाडं अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. दिवस आखूड होताच झाडं फुलली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी अंगाला काटेरी फळं चिकटणाऱ्या एका तणावर प्रयोग करून दाखवलं की खरं महत्त्व दिवसाच्या लांबीला नसून अखंड रात्रीला आहे. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाचं फुलणं थांबलं.

तुमच्याकडे तर दिवा रात्रभर. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते एका रूपात असतं आणि अंधारात हळूहळू पालटत जातं, त्यावरून रोपाला रात्र कळते. दिवा मध्येच तो क्रम मोडतो. तुमच्या शेवंतीच्या हिशेबी अजून आषाढच चालू आहे, म्हणून ती कमरेपर्यंत वाढली.

पुण्या-नाशिककडचे पॉलिहाऊसवाले हेच ज्ञान उलटसुलट वापरतात. लागवडीनंतर काही आठवडे मध्यरात्री दिवे लावून रोपाला उंची देतात, मग संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळ्या कापडाने झाकून कळी धरायला लावतात.

---

काळीमाती | ९ डिसेंबर, सकाळी १०:०५

हरितपर्ण सर, तुम्ही माझ्या डोक्यातलं एक जुनं कोडं सोडवलंत!

आमची शेती सांवेरकडे आहे. सोयाबीन जूनअखेर पेरतो, सप्टेंबरअखेरीस पिवळं पडून पानं गाळतं, मग कापणी. रस्त्यालगतच्या शेतात विजेच्या खांबावर दिवा आहे. त्याच्याखालचा गोल पट्टा दरवर्षी हिरवाच राहतो, शेंगा उशिरा आणि कमी. बाकी शेत कापून झालं तरी तो हिरवा गोल तसाच उभा. वडील म्हणायचे तिथे पाणी मुरतं. आम्ही तिथे चर खणला, माती बदलली, काही फरक नाही. सोयाबीनही रात्र मोजतं का?

---

हरितपर्ण | ९ डिसेंबर, सकाळी १०:४०

होय, मोजतं. सोयाबीन याच गटातलं आहे. गार्नर आणि ॲलार्ड यांच्या प्रयोगांत तंबाखूबरोबर सोयाबीनही होतं. दिव्याखालचा हिरवा गोल ही अगदी नेहमीची खूण आहे. चर बुजवून टाका.

---

गच्चीतलीबाग | ९ डिसेंबर, दुपारी १२:१५

माझा पॉइन्सेटिया गच्चीत जिन्याच्या दिव्यापाशी आहे. गेल्या डिसेंबरात लालभडक होता म्हणून विकत आणला, यंदा एक पान लाल नाही. हेच कारण ना? आणि झेंडू त्याच दिव्याखाली छान फुललाय, तो कसा?

---

हरितपर्ण | ९ डिसेंबर, दुपारी १:००

पॉइन्सेटिया आणि कॅलँको (जाड पानांचं शोभेचं झाड) या बाबतीत शेवंतीहूनही कडक आहेत. ऑक्टोबरपासून दोन महिने रोज १४ तासांचा गडद अंधार मिळाला की पॉइन्सेटियाची वरची पानं लाल होतात. जिन्यापासून हलवा. झेंडूलाही आखूड दिवस मानवतो, पण त्याची तशी अट नाही. दिव्याखाली थोडा रेंगाळेल, फुलेल मात्र नक्की.

---

सुदामानगरी | ९ डिसेंबर, सायंकाळी ५:५०

सर, मी खताचा दोष ठामपणे सांगून बसलो होतो, चूक कळली. ताई, मग सरळ अर्ज द्या आणि तो दिवा काढायला लावा.

---

मालवाकन्या | ९ डिसेंबर, रात्री ९:००

नाही दादा, दिवा राहू दे. कॉलनीतल्या मुली रात्री क्लासवरून त्याच रस्त्याने येतात, दिवा लागल्यापासून त्यांच्या आयांना हायसं वाटतंय. शेवंतीचं आपण आपल्या अंगणात बघू.

काका, आता झाकलं तर यंदा काही हाती लागेल का? कुंड्या असत्या तर मागच्या अंगणात नेल्या असत्या, पण हा वाफा आहे.

---

हरितपर्ण | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

नक्की लागेल. अंधार मिळायला लागल्यापासून फूल उमलेपर्यंत जातीनुसार ६ ते १५ आठवडे लागतात, घरगुती जातींना बहुधा ८ ते १०. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला फुलं धरा. मार्गशीर्ष हुकला, पण वर्ष हुकणार नाही.

करायचं असं:

कापड काळं आणि दाट विणीचं घ्या, गरज पडली तर दुहेरी. प्लास्टिक नको. आत दव धरतं, पानं ओली राहतात आणि बुरशी येते. दुपारी बारा वाजता कापड डोळ्यांपुढे धरून सूर्याकडे बघू नका, नुसतं खिडकीकडे बघा. पलीकडची माणसाची हालचाल दिसत असेल तर ते पातळ आहे.

वाफ्यावर बांबूच्या कमानी करा म्हणजे कापड रोपांना टेकणार नाही. संध्याकाळी सहाला झाका, सकाळी सातला काढा. एखादी रात्र चुकली तर सगळं वाया जात नाही, पण सवय मोडू नका.

शेंडे झाकले, खाली उजेड आला तरी चालेल, असं समजू नका. १९३० च्या दशकात रशियात मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग केले होते. रोपाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली, त्या भागाला लांब दिवस दिला आणि खालच्या पानांना आखूड. रोप फुललं. रात्र पानाला कळते आणि निरोप पानाकडून शेंड्याला जातो. म्हणून पानं झाकली पाहिजेत, कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे.

आणि ओट्याकडच्या टोकाचे दोन ठोंब मुद्दाम उघडे ठेवा. तुलना डोळ्यांसमोर राहील.

---

मालवाकन्या | १२ डिसेंबर, रात्री ८:३०

आज गुरुवार. आज पहिल्यांदा झाकलं.

काळं कापड शोधायला दोन दिवस गेले. छत्रीचं मिळालं पण अरुंद. शेवटी अस्तराचं जाड सुती घेतलं, दोन पदर शिवून घेतले. दोघं मुलगे सुट्टीला घरी आहेत, त्यांनी बांबूच्या पट्ट्या वाकवून सात कमानी उभ्या केल्या. कडेला विटा ठेवल्या. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, सहाला पाच मिनिटं असताना म्हणाल्या, "चला, दिवेलागण झाली, हिला निजवा."

सावलीतल्या तीन ठोंबांची फुलं आज वेणीत गेली. वेणी लहान झाली, पण घरची झाली.

---

रामबागची | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

धागा वाचतेय, फार शिकायला मिळालं. उशिरा फुलणाऱ्यांत कुणी कुंदाचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी न्हाणीघराच्या मागे कुंदाची झुडूपवजा वेल आहे. वर्षभर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जाई, जुई, मोगरा सगळे आपापला मोसम करून थांबले, पारिजातकही संपत आला, की ती सुरू होते. पौष-माघात तर पानं दिसत नाहीत इतकी पांढरी होते. माघ शुद्ध चतुर्थीला तिलकुंद चतुर्थी म्हणतात ती हिच्यामुळेच. त्या दिवशी गणपतीला कुंदाची फुलं वाहतात. थंडीत देवाला पांढरं फूल हवं असेल तर कुंद लावा.

एकच काम वेळेवर करायचं. फुलं संपली की छाटायची, म्हणजे फाल्गुनात. पावसाळ्यानंतर हात लावलात तर त्या वर्षीची फुलं गेली. मी एकदा दिवाळीची साफसफाई म्हणून कापली होती, माघात गणपतीपुढे ठेवायला एक फूल नव्हतं. ते अजून मनाला लागून आहे.

---

विश्वामित्रीकाठ | १५ डिसेंबर, दुपारी ४:००

रामबागची ताई, अगदी खरं. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांतून कुंद असायचाच. आता फ्लॅटमध्ये मी १४ इंची कुंडीत लावलाय, ऊन चार-पाच तास मिळतं तेवढ्यावर फुलतो. वास मोगऱ्याइतका नाही, अगदी मंद, जवळ गेल्यावर कळणारा.

---

मालवाकन्या | ५ जानेवारी, सकाळी ८:४०

मंडळी, कळी आली!

काल सकाळी कापड काढताना शेंडे नेहमीसारखे टोकदार न दिसता जरा बोथट वाटले. आज भिंग घेऊन बसले. वरच्या दोन पानांच्या बेचक्यात हिरवं, चपटं, ज्वारीच्या दाण्याएवढं बटण, त्यावर खवल्यांसारखी पानं घट्ट मिटलेली. एका फांदीवर मोजली, मधलं एक मोठं आणि बगलेत पाच बारीक. झाकलेल्या सगळ्या ठोंबांना आहेत.

उघड्या ठेवलेल्या दोन ठोंबांपैकी एकाला काहीच नाही. दुसऱ्याला एकुलती एक विचित्र कळी आहे, तिच्या बुडाशी अरुंद, पट्टीसारखी पानं फुटलीत आणि ती वाढतच नाही.

---

हरितपर्ण | ५ जानेवारी, सकाळी ९:३०

अभिनंदन! ती विचित्र कळी म्हणजे अर्धवट निरोप मिळाल्याची खूण. कळी धरायला लागते त्याहून मोठी रात्र तिला पुढे वाढायला लागते. ती नीट मिळाली नाही की कळी तशीच अडकते. म्हणून झाकायचं थांबवू नका, कळ्यांना रंग दिसेपर्यंत रोज झाका.

बगलेतल्या कळ्या खुडू नका. विरळणी मोठ्या फुलांच्या जातीत करतात, प्रदर्शनासाठी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन भरतं, तिथे एका काठीला एकच थाळीएवढं फूल बघायला मिळतं. तुमच्या वेणीच्या शेवंतीला झुपकाच हवा. आणि आता मावा येण्याचे दिवस आहेत, कोवळ्या देठांवर लक्ष ठेवा. दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, मग निंबोळी अर्क.

---

लष्करकर | ११ जानेवारी, रात्री ९:५०

इकडे ग्वाल्हेरला धुकं आणि कडाका. माझ्या डेलियाचे वरचे शेंडे काल पाळ्याने (गोठलेल्या दवाने) काळे पडले. ताई, तुमच्या कापडाचा मला वेगळाच उपयोग झाला. तुमचं वाचून मीही कमानी करून जुन्या चादरी टाकल्या, झाकलेल्या ओळीतली सगळी रोपं वाचली. पाळ्याचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारीच पाणी द्या, ओली माती रात्री जरा ऊब धरून राहते.

---

मालवाकन्या | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आज वाफा फुलला आहे. पूर्ण. फाटकापासून ओट्याच्या अलीकडच्या कमानीपर्यंत पिवळा, आणि टोकाला दोन ठोंब अजून हिरवेगार. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारतायत, फेब्रुवारीत शेवंती कशी?

दिवस तापायला लागलेत, त्यामुळे फुलं दरवर्षीपेक्षा थोडी लहान आहेत आणि चार-पाच दिवसांत मावळतील असं वाटतंय. वास मात्र तोच. सासूबाईंनी सकाळी पहिलं फूल तोडलं, बोटांत फिरवलं, पाकळ्या मोजल्यासारखं बघत राहिल्या आणि देवासच्या घराबद्दल बोलायला लागल्या. विहिरीच्या काठाला ही शेवंती होती, त्यांची आई ती सुकवून कपड्यांच्या पेटीत ठेवायची. मला लग्नाला २८ वर्षं झाली, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. दोन मूठभर फुलं सावलीत सुकत घातलीत.

पुढच्या वर्षीची सोय म्हणजे कॉलनीचं काम करणाऱ्या वायरमनने दिव्याला आमच्या बाजूने पत्र्याची झाप लावून दिली. रस्त्यावर उजेड तसाच आहे, वाफ्यावर आता येत नाही. काल रात्री दहाला जाऊन बघून आले.

---

गच्चीतलीबाग | १३ फेब्रुवारी, दुपारी २:२५

वाचून फार आनंद झाला. ताई, या जातीच्या काश्या मिळतील का? माझ्या गच्चीत दिवा नाही, खात्री करून घेतली आहे.

---

काळीमाती | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:००

मलाही हव्यात. आईला शेवंती फार आवडते. शेतातल्या विहिरीजवळ लावीन, तिथे रात्री पूर्ण अंधार असतो.

---

मालवाकन्या | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सगळ्यांना देईन. फुलं संपली की जमिनीपासून वीतभर ठेवून कापते, म्हणजे मार्चअखेर बुडातून नव्या काश्या वर येतील. चार-सहा पानांच्या, खाली पांढरी मुळं सुटलेल्या तेवढ्याच काढायच्या. उन्हाळाभर अर्धसावलीत कुंडीत जगवा, पाणी बेताचं, आणि पहिल्या पावसानंतर जागेवर लावा. काळी माती असेल तर निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा, नाहीतर श्रावणात मुळं कुजतात.

काळीमाती दादा, तुमच्या आईंसाठी सहा काश्या बाजूला ठेवते. येताना ओलं गोणपाट आणा.